वाडीवर सावली हवी: आर्वी तालुक्यासाठी काही मुद्दे

आर्वी तालुक्याचं नाव निघालं की कापूस, सोयाबीन आणि संत्रा आठवतो. भाजीपाला कोणाला आठवत नाही. पण गावालगतच्या विहिरींवर, नाल्याच्या काठी, वर्धा नदीकडे देऊरवाड्यापर्यंत अर्ध्या-एक एकराच्या वाड्या आहेत. हिवाळ्यात आर्वीच्या बाजारात येणारी वांगी, भेदरे (टोमॅटो), पालक आणि सांबार (कोथिंबीर) बऱ्याच अंशी तिथूनच येतात. मार्च सरता सरता वाड्या बसायला लागतात. मेमध्ये टोमॅटो बाहेरच्या ट्रकमधून उतरतो आणि ज्या बाया हिवाळ्यात स्वतःची भाजी विकतात, त्याच उन्हाळ्यात दलालाकडून भाजी घेऊन विकतात. दरवर्षी असंच होतं, म्हणून त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

मला वाटतं. उन्हाळ्यात वाडी करपणं ही एका शेतकऱ्याची घरगुती अडचण म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या उन्हाची वेळ सगळ्यांना ठाऊक आहे, त्याची तयारी ग्रामपंचायत, पंचायत समिती, कृषी विभाग, बाजार समिती आणि नगर परिषद यांनी मिळून करायला हवी. त्यासाठी हे मुद्दे मांडतो आहे.

१. हे संकट न सांगता येत नाही.

गारपीट कधी होईल ते कोणी सांगू शकत नाही. विदर्भातल्या उन्हाचं तसं नाही. होळीनंतर ऊन चढतं, मेच्या अखेरीस नवतपा लागतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत सुटका नसते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. वर्धा जिल्ह्यातही ४५ अंशांपुढचे दिवस नवे नाहीत. नवं आहे ते उन्हाचं लवकर येणं. मार्च २०२२ हा देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पुढच्याच वर्षीच्या फेब्रुवारीनेही तसाच उच्चांक केला. याचा फटका वाडीला दोन्ही बाजूंनी बसतो. हिवाळी भाजीचा शेवटचा तोडा हातचा जातो आणि उन्हाळी भाजीचं रोप मूळ धरण्याआधीच तापतं.

२०२२ मध्ये त्या उष्णतेने उत्तर भारतातला गहू आक्रसला, तेव्हा मे महिन्यात केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो महागला, तेव्हा केंद्राने टोमॅटो विकत घेऊन दिल्लीसारख्या शहरांत सवलतीत विकला. ताटात कमी पडलं की सरकार हलतं, हे त्यातून दिसलं. शेतात कमी पडत असतानाच हलण्याची व्यवस्था मात्र अजून उभी राहिलेली नाही.

२. धोक्याची रेषा माणसासाठी आखलेली आहे, भाजीसाठी नाही.

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी पारा किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावा लागतो, किंवा थेट ४५ अंश गाठावे लागतात. शहरांचे उष्णता कृती आराखडे याच इशाऱ्यावर चालतात आणि माणसाचा जीव वाचवण्यासाठी ते योग्यच आहेत.

टोमॅटोचं गणित वेगळं आहे. दिवसाचं तापमान ३५ अंशांपुढे गेलं की त्याचा पराग निकामी व्हायला लागतो. रात्र २०-२२ अंशांच्या आसपास उतरली तर फळधारणा चांगली होते. आपल्याकडे मेमध्ये रात्रीदेखील पारा २८ च्या खाली यायला कुरकुरतो. म्हणजे फूल येतं, देठापाशी पिवळं पडतं आणि गळतं. झाड हिरवं दिसत असल्यामुळे शेतकरी खत वाढवतो, औषध बदलतो आणि खर्च चढत जातो. जे फळ धरतं तेही नीट रंगत नाही, कारण लाल रंग देणारं लायकोपिन ३०-३२ अंशांवर तयार होणं मंदावतं. खांद्याशी पिवळट राहिलेला आणि एका बाजूने पांढरा चट्टा पडलेला असा भेदरा बाजारात निम्म्या भावाने जातो.

मिरचीचीही फुलं ३५ अंशांपुढे झडतात. काकडी, दोडका, कारलं या वेलांवर कडक उन्हात नर फुलं जास्त आणि मादी फुलं कमी येतात. त्यातच भर दुपारी मधमाशी फिरकत नाही. सांबाराचं बी तापलेल्या मातीत नीट उगवत नाही आणि उगवलं तरी लवकर फुलोऱ्यावर येतं. भेंडी, गवार, चवळी ही पिकं त्या मानाने चिवट आहेत, पण पांढरी माशी वाढली की भेंडीवर पिवळा केवडा येतो आणि मिरचीवर चुरडा-मुरडा. म्हणून उन्हाळी वाडीचा विचार करताना तापमान, पाणी आणि कीड असे तीन वेगळे कप्पे करून चालत नाही.

भाजीसाठी इशारा द्यायचा तर तो ४५ वर देऊन उपयोग नाही. आर्वीत पारा ३५-३६ ओलांडतो तेव्हाच, म्हणजे बहुतेक वर्षी मार्चमध्येच, तो वाडीपर्यंत पोचला पाहिजे.

३. सावली.

हा मुद्दा मी सगळ्यांत मोठा मानतो, कारण बाकीचे उपाय सावलीच्या जोडीनेच नीट काम करतात.

शेडनेट म्हटलं की डोळ्यांसमोर लोखंडी नळ्यांचा हिरवा घुमट येतो आणि त्याबरोबर लाखांतला खर्च. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत नळ्यांच्या सांगाड्याचा खर्च चौरस मीटरला ७१० रुपये धरला होता आणि त्यावर ५० टक्के अनुदान होतं. दहा गुंठे, म्हणजे साधारण हजार चौरस मीटर झाकायचे तर सात लाखांच्या वर खर्च. अनुदान नंतर येणार, पैसे आधी घालायचे. अर्ध्या एकरावर वांगी-मिरची करणाऱ्याने हे कुठून आणायचे?

त्याच सूचनांमध्ये आणखी दोन ओळी होत्या, त्यांच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. लाकडी सांगाड्यासाठी ४९२ रुपये आणि बांबूच्या सांगाड्यासाठी ३६० रुपये प्रति चौरस मीटर धरले होते, आणि बांबूचे २०० चौरस मीटरचे छोटे मांडवही त्यात बसत होते. दर पुढे बदलत राहतात, पण तत्त्व महत्त्वाचं आहे. सरकारी कागदावर बांबूच्या मांडवाला जागा आहे. आपल्या वाडीला लागतो तो हाच मांडव: मजबूत खांब, वर बांबू किंवा तार, त्यावर मार्च ते जून ताणायची आणि पावसाळ्यात गुंडाळून ठेवायची जाळी. २०१७ मध्ये कायद्यात बदल होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. त्यामुळे धुऱ्यावर लावलेला बांबू तोडण्या-नेण्याची जुनी कटकटही कमी झाली आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने बांबूच्या बांधकामावर वर्षानुवर्षं काम केलेलं आहे. वाडीचा टिकाऊ मांडव कसा उभारायचा हे शिकवणारं प्रशिक्षण आर्वीतल्या तरुणांना तिथे मिळवून देणं पंचायत समितीला अवघड नाही.

मांडव उभारताना काही गोष्टी सांभाळाव्याच लागतात, कारण चुकीची सावली पिकाचं नुकसान करते. टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरचीला ३५ ते ५० टक्के सावली पुरते. ७५ टक्क्यांची जाळी घातली की झाड उंच, किडकिडीत होतं आणि फळ धरत नाही. काळी जाळी स्वतः तापते. पांढरी किंवा चंदेरी जाळी ऊन परतवते. जाळी डोक्याला लागेल इतकी खाली बांधली तर तिच्याखाली गरम हवा कोंडते, म्हणून ती दहा फुटांच्या आसपास असावी आणि बाजू मोकळ्या असाव्यात. वळवाच्या वादळात जाळी उडते, म्हणून ती एका बाजूने पटकन सोडता येईल अशी बांधायची. आणि पिकाला सावली पडते तशी ती तोडणी करणाऱ्या बाईलाही पडते. हा फायदा अनुदानाच्या कुठल्याही तक्त्यात धरलेला नाही.

सावलीत शेती करणं विदर्भाला नवं नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीकडे पानमळा आणि पानपिंपळी जगते ती शेवरी-पांगाऱ्यासारख्या झाडांच्या आधाराने आणि सावलीने. रामटेककडच्या बारई समाजानेही नागवेलीसाठी सावली आणि ओलावा जपण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली. ४५ अंशांच्या मुलखात इतकं नाजूक पान पिकवणारे लोक आपल्या शेजारी असताना वाडीसाठी सावली अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. कृषी विभाग शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे काढतो. एखादा दौरा तिकडे न्यावा.

माझी मागणी अशी: दर गावाला किमान पाच वाड्यांवर बांबूचे छोटे मांडव, त्यासाठी अनुदानाचा हिस्सा आगाऊ आणि जाळी गावाच्या सामायिक भांडारातून भाड्याने. चार महिने लागणारी वस्तू प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. महिला बचत गटांना हे भांडार चालवता येईल.

४. मातीवरची सावली.

वर जाळी नसली तरी माती झाकता येते, आणि त्यासाठी लागणारा माल आपण दरवर्षी पेटवून देतो. सोयाबीन आणि तुरीचं कुटार दोन सऱ्यांच्या मधल्या जागेत चार बोटं पसरलं की मातीचं तापमान काही अंशांनी उतरतं, ओल टिकते आणि पांढऱ्या मुळ्या जिवंत राहतात. प्लास्टिकचं आच्छादन वापरायचं असेल तर चंदेरी बाजू वर हवी. उन्हाळ्यात काळी बाजू वर ठेवणं म्हणजे मुळांना भाजणं.

पऱ्हाटीच्या बाबतीत सावध राहायला हवं. तिच्या वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. म्हणून पऱ्हाटी थेट वाडीत टाकू नये. यंत्राने बारीक करून, कुजवून मगच वापरावी. असं यंत्र दर मोठ्या गावाला भाड्याने उपलब्ध असलं तर धुऱ्यावरच्या आगी थांबतील. कुटारात उधई लागते, तेव्हा ते खोडाला चिकटू न देता चार बोटं लांब ठेवायचं. ही काळजी घेतली तर यापेक्षा स्वस्त उपाय दुसरा नाही.

५. पाणी किती, यापेक्षा पाणी केव्हा.

ठिबकसाठी केंद्राच्या योजनेला राज्याची जोड मिळून अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान आहे. ही योजना चांगली आहे आणि वाडीवाल्यांनी ती घेतलीच पाहिजे. पण उन्हाळी भाजीला थोडं थोडं आणि वारंवार पाणी लागतं, तेही पहाटे किंवा दिवस कलल्यावर. एक दिवस आड भडाभडा सोडलेल्या पाण्याने टोमॅटोचं बूड काळं पडून सडतं, कारण ओल कमी-जास्त झाली की फळाला कॅल्शियम पोचत नाही. दुपारी उन्हात पडलेल्या काळ्या नळ्यांतलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, ते मुळांना काय करत असेल?

इथे विजेचा प्रश्न येतो. कृषिपंपाला वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत शेतकरी अंधारात साप-विंचवाच्या धोक्यात उभा असतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे दिवसा वीज मिळणार असेल तर तिचं स्वागत आहे. शेतकऱ्यांची ती जुनी मागणी होती. फक्त सौर वीज सर्वांत जोरात असते ती दुपारी, आणि भाजीला पाणी हवं असतं संध्याकाळी. त्यामुळे वाडीसाठी सौर पंपाबरोबर उंचावर ठेवलेली, पांढरा रंग दिलेली, झाकलेली टाकीही अनुदानात असायला हवी. दुपारी टाकी भरायची आणि संध्याकाळी उताराने ठिबकला सोडायची, इतकी साधी गोष्ट आहे. पंपाच्या योजनेत ती नसेल तर निम्मा फायदा वाया जातो.

शेततळ्यांचंही तेच. विदर्भात मेमध्ये उघड्या पाण्याचं बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटरच्या पुढे जातं. एक गुंठा पाण्यावरून रोज हजार लिटर उडून जातात, दहा गुंठ्यांच्या तळ्यावरून दहा हजार. वाडीला लागणारं पाणी असं आकाशात जाताना बघत बसायचं नसेल, तर तळं खोदण्याच्या अनुदानात ते झाकण्याची तरतूद हवी. निदान पसरट तळ्याऐवजी खोल तळ्याला प्राधान्य हवं.

आणि धनोडीचं धरण. हा निम्न वर्धा प्रकल्प आर्वी तालुक्यात आहे. तालुक्यातल्या गावांनी त्यासाठी जमिनी दिल्या, घरं दिली. उन्हाळी आवर्तन ठरवताना कालव्याखालच्या वाड्यांचा वेगळा विचार व्हावा. कालव्याचं पाणी मोठ्या अंतराने येतं आणि भाजी इतकी थांबत नाही. म्हणून त्या आवर्तनातून विहिरींजवळची छोटी साठवण भरून घेण्याची मुभा लेखी मिळाली पाहिजे.

६. वारा.

मेमधला पश्चिमेचा वारा पानांतलं पाणी ओढून घेतो. वाडीच्या पश्चिमेला मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी, कायमसाठी शेवरी किंवा बांबू. मक्याची कड पांढऱ्या माशीलाही काही प्रमाणात अडवते. रोजगार हमी ही महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून देशाला दिलेली कल्पना. तिच्या कामांत वाड्यांभोवतीची वाराअडव लागवड सहज बसवता येईल. यावर फार बोलायला नको, करायला हवं.

७. विम्यात संत्र्याला ऊन लागतं, वांग्याला लागत नाही.

आर्वी, आष्टी, कारंजा हा संत्र्याचा पट्टा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात आंबिया बहाराच्या संत्र्याला जादा तापमानाचं संरक्षण आहे. ठरलेल्या मर्यादेपुढे पारा ठरलेले दिवस राहिला की भरपाई मिळते, शेतात पंचनामा करायला कोणी यावं लागत नाही. म्हणजे ऊन मोजून नुकसान ठरवण्याची पद्धत आपल्या तालुक्यातच चालू आहे. संत्र्याच्या बागेला लागून असलेल्या मिरचीच्या वाडीला मात्र तेच ऊन तोच पारा दाखवत असताना काहीही मिळत नाही. पंतप्रधान पीक विम्याच्या राज्यातल्या यादीत भाजीपाल्यातून कांद्याचाच समावेश झाला. वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी बाहेर राहिली.

आपत्तीच्या मदतीतही हीच गत. २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राने आपत्तींची जी यादी ठरवली, तिच्यात थंडीची लाट होती, दव गोठवणारी कडाक्याची थंडी होती, गारपीट होती, कीडही होती. उष्णतेची लाट नव्हती. यादीतल्या आपत्तीने ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान झालं तर ओलिताच्या पिकाला हेक्टरी १७ हजार रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, असा दर होता. पारा ४६ वर जाऊन वाडी वाळली तर तलाठ्याला पंचनाम्याच्या रकान्यात लिहायला कारणच सापडत नाही. राज्याला आपल्या आपत्ती निधीचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींवर खर्च करता येतो. वीज पडणं, अवकाळी पाऊस यांसाठी महाराष्ट्राने तो मार्ग वापरलेला आहे. विदर्भातल्या उष्णतेसाठीही तो वापरावा, असा ठराव वर्धा जिल्हा परिषदेने आणि तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने सरकारला पाठवावा. इथल्या आमदार-खासदारांनी तो विधानसभेत आणि लोकसभेत नेटाने मांडावा. राजस्थान, तेलंगणा, ओडिशा हेही आपल्याइतकेच तापतात, तेव्हा ही मागणी एकट्या विदर्भाची राहणार नाही.

मोजमापाची अडचण कोणी पुढे करेल. ती खरी नाही. महावेध प्रकल्पात २०१७ पासून राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली आणि तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा यांची नोंद आपोआप होते. आकडे आहेत. भाजीच्या बाजूने ते वाचायचे आहेत.

८. सातबारा नसलेला वाडीवाला.

वाडी करणारे अनेक जण दुसऱ्याची जमीन मक्त्याने घेतात. बोली तोंडी असते. विदर्भात कुळकायदा १९५८ चा. जमीन कुळाकडे जाईल या भीतीने मालक कागद करून देत नाही, आणि कागद नाही म्हणून ठिबक नाही, मांडव नाही, पीककर्ज नाही. जो उन्हात राबतो त्याच्यापर्यंत एकही योजना पोचत नाही, आणि जिच्या नावावर शेत नाही अशा घरच्या बाईपर्यंत तर नाहीच. जाळी आणि बांबू हे हलवता येणारे आहेत, विहिरीसारखे जमिनीत अडकलेले नाहीत. म्हणून निदान या वस्तूंसाठी सातबाऱ्याची अट काढून ग्रामपंचायतीचा 'प्रत्यक्ष भाजीपाला करतो' असा दाखला पुरेसा मानावा. मालकाच्या हक्काला यातून कुठलाही धक्का बसत नाही.

९. रोपं आणि सल्ला.

पावसाळी मिरची-वांग्याचं रोप मेच्या उन्हातच तयार होतं. ते उघड्या गादीवाफ्यावर टाकलं की निम्मं करपतं आणि उरलेलं विषाणू घेऊन शेतात जातं. राज्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेत शेडनेटखालच्या भाजीपाला रोपवाटिकेला अनुदान आहे आणि महिलांना प्राधान्य आहे. आर्वीबरोबरच रोहणा, विरुळ, खरांगणा या बाजूंनाही अशी रोपवाटिका हवी, म्हणजे रोप उन्हात लांबून आणावं लागणार नाही.

सल्ल्याचं बोलायचं तर देशभरातली जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४ मध्ये बंद झाली. शेतकऱ्याला तालुक्याच्या पातळीवर, त्याच्या पिकाच्या नावाने सांगणारी ती यंत्रणा होती. ज्या वर्षांत उष्णतेचे उच्चांक मोडत आहेत त्याच वर्षांत ती मोडावी, हे मला अजिबात पटत नाही. ती परत येईपर्यंत सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मार्च ते जून दर आठवड्याला भाजीपाल्यासाठी चार ओळींचा सल्ला द्यावा आणि ग्रामपंचायतीने तो फलकावर लिहावा. नाहीतर पोकळी कृषी केंद्राच्या दुकानातून भरली जाते. तिथून मिळणारी केओलिनची किंवा पोटॅशियम नायट्रेटची फवारणी थोडा आधार देते, पण ती सावलीची आणि ओलाव्याची जागा घेऊ शकत नाही.

१०. तोडल्यानंतरची भाजी.

पहाटे तोडलेला पालक दहापर्यंत माना टाकतो. वाडीत वाचवलेली भाजी बाजारात करपली तर आधीचं सगळं व्यर्थ. आर्वी नगर परिषदेने आठवडी बाजाराच्या भाजी ओळीवर उन्हाळ्यापुरती तरी जाळी ताणावी आणि भाजीवर मारायला आणि प्यायला पाण्याची सोय करावी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नेमायच्या समितीत भाजीवाल्या बाया बसल्या तर ही मागणी मला करावी लागणार नाही, त्याच करतील.

साठवणुकीसाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष आहे. विटांच्या दोन भिंती, मधे ओली वाळू, वर गवताचं झाकण. वीज लागत नाही. कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहतं. आपल्या घरातला वाळ्याचा कूलर ज्या तत्त्वाने चालतो त्याच तत्त्वाने तो चालतो, म्हणून दमट कोकणापेक्षा तो आपल्याकडे जास्त चांगला चालेल. एका गवंड्याचं काम आहे. बाजार समितीने आवारात असे कक्ष बांधले तर हर्रास हुकलेल्या शेतकऱ्याला पडेल त्या भावाला माल टाकावा लागणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासानुसार टोमॅटोसाठी ग्राहक देतो त्या रुपयातले ३३ पैसेच शेतकऱ्याला मिळतात. एक रात्र थांबण्याची ताकद आली तरी त्या पैशांत फरक पडू शकतो.

११. 'उन्हाळ्यात भाजी कशाला करायची?'

हा प्रश्न पाण्याची काळजी असलेले लोक विचारतात आणि तो प्रामाणिक आहे. कोरड्या गावात विहीर उपसून टोमॅटो करा असं मी म्हणणार नाही. तिथे गवार, चवळी, भेंडी या चिवट भाज्या थोड्याशा पाण्यावर पुरे आहेत, आणि ज्या गावात पिण्याचं पाणी टँकरने येतं तिथे तेही नको. पण जाळी, आच्छादन आणि ठिबक यांनी पाणी वाचतं, ही दुसरी बाजू पाहा. आज ज्या वाड्या उन्हाळ्यात उघड्यावर पाणी पाजत आहेत त्या सावलीत आल्या तर तेवढ्याच भाजीला कमी पाणी लागेल. शिवाय मे-जूनमध्ये मजुराच्या घरात आठ-आठ दिवस बेसन आणि आलूवर भागतं, कारण हिरवी भाजी परवडत नाही. अंगणवाडीतल्या मुलाच्या ताटात उन्हाळ्यातही पालक यावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

१२. कधी, कोणी.

सगळं तारखेवर आहे. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. १ मेच्या सभेत उन्हावर ठराव करून काही साधत नाही, तोवर वाडी गेलेली असते. २ ऑक्टोबरच्या सभेत गावातल्या वाड्यांची, मक्तेदारांसह, यादी व्हावी आणि पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्यात मांडव, जाळीभांडार, टाक्या आणि पऱ्हाटी बारीक करणारं यंत्र यांची रक्कम धरावी. हंगाम निघाल्यावर कुटार जाळू नये, गोळा करून ठेवावं. ते ग्रामपंचायतीने दवंडी देऊन सांगावं. २६ जानेवारीच्या सभेत तालुका कृषी अधिकाऱ्यांचा प्रतिनिधी मंजूर अर्जांची यादी वाचून दाखवेल, नामंजूर अर्जांची कारणंही सांगेल. महाशिवरात्रीपर्यंत खांब उभे, होळीपर्यंत जाळी वर. उष्णतेच्या आपत्तीचा ठराव मात्र कुठल्या सणाची वाट न पाहता येत्या ग्रामसभेतच घेता येईल. त्याचा मसुदा एका पानाचा आहे आणि तो लिहून द्यायला मी तयार आहे.